घर सुटलं, तरी मन ठिकाणावर



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९.

काल अठराव्या श्लोकात शत्रू-मित्र, मान-अपमान, थंडी-ऊन या जोड्या पाहिल्या. आज भगवंत भक्ताची ओळख आणखी पुढे नेतात. साध्या मराठीत अर्थ असा: कुणी नावं ठेवली काय आणि कुणी कौतुक केलं काय, ज्याला दोन्ही सारखंच, जो बोलणं आवरून असतो, जे मिळेल त्यात ज्याचं भागतं, ज्याला ठरलेलं घर नाही, पण ज्याची बुद्धी मात्र ठरलेली आहे, असा भक्तिवान माणूस मला आवडतो.

यातला 'घर नसलेला' यासाठी मूळ शब्द आहे 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर, राहण्याची जागा. तुमच्या वर्गात निदान एक तरी अनिकेत असणारच. माझ्या कॉलेजात तीन होते. आज तिघांचेही टू बीएचके आहेत आणि तिघांचेही हप्ते चालू आहेत, ही गंमत वेगळी! पण आईवडिलांनी हौसेनं ठेवलेल्या या नावाच्या अगदी शेजारी गीतेनं दुसरा शब्द बसवलाय: स्थिरमती. घराचा ठिकाणा नाही आणि मन मात्र ठिकाणावर. आजचं चिंतन या दोन शब्दांच्या शेजाराबद्दल.

हा शेजार या आठवड्यात मला फार जवळचा वाटतोय, त्याला कारण आहे. माझी धाकटी मावसबहीण जूनमध्ये एका वर्षाच्या युवा स्वयंसेवक कार्यक्रमात गेली. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, धडगावच्या बाजूला. तिथल्या घरांत पावरी बोलतात. ठाण्यात लिफ्ट बंद पडली तर वैतागणारी मुलगी आता रोज दोन पाडे चढून-उतरून मुलांना गणित शिकवते. परवा तिचा फोन आला. सुरुवातीला सगळं छान चाललंय वगैरे झालं. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "दादा, जेवणाचं, डासांचं, लाइट जाण्याचं मला काही नाही. ते धरूनच आले होते. पण इथे मी कुणीच नाहीये रे. मी परत येऊ का?"

तिची परवानगी घेऊन हे लिहितोय. कारण जुलैत तुमच्यापैकीही अनेक जण असे कुठे कुठे पोहोचलेले असतात. कुणी फेलोशिपवर, कुणी आश्रमशाळेत, कुणी आरोग्याच्या मोहिमेवर. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे वाक्य बहुतेकांच्या मनात येतं. पहिला आठवडा नवलाईचा असतो, फोटोंचा असतो. नवलाई ओसरली की खरी परीक्षा सुरू होते.

"इथे मी कुणीच नाहीये." मला वाटतं, या श्लोकाची किल्ली याच वाक्यात आहे.

विचार करा. निंदा-स्तुती आणि घर यांचा एकमेकांशी काय संबंध? भगवंतांनी दोन्ही एकाच श्लोकात का आणले असतील? मला लागलेला अर्थ सांगतो, पटला तर घ्या. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात. जिथे आपल्याला ओळखतात ती जागा म्हणजे घर. दारातून आत आलं की आईला पावलांवरून कळतं, आज याचं काहीतरी बिनसलंय. मित्रांना माहीत असतं, हा गणितात हुशार, ही गाते छान. आपण कोण, हे सांगावं लागत नाही. आपल्याभोवती वर्षानुवर्षं साठलेली ही ओळख हेच आपलं निकेत. घर सोडून गेलं की गादी-उशी सुटते, पण त्याहून मोठं म्हणजे ही ओळख सुटते. तिथे तुमचे मार्क कुणाला माहीत नसतात, तुमचा स्वभाव माहीत नसतो, तुम्ही दिवसभर राबलात तरी 'वा' म्हणायला कुणी मोकळं नसतं. म्हणून घरची आठवण येते तेव्हा आपण पोळी-भाजीबद्दल बोलतो, पण मनाला भूक असते ती ओळखीची.

भगवंतांनी क्रमही कसा लावलाय बघा. आपल्याला वाटतं, आधी जागेत नीट रुळू, मग मन शांत होईल, मग सेवा सुरू करू. श्लोकात 'अनिकेत' खूप नंतर येतं. आधी निंदा-स्तुती, मग बोलणं, मग मिळेल त्यात भागवणं, आणि त्यानंतर घराचा विषय. आधीच्या तीन पायऱ्या चढल्यावर घर नसणं तितकं बोचत नसावं, असा मी याचा अर्थ घेतो.

आता थोडं माझं. इंजिनिअरिंग झालं, ऑफर लेटर हातात होतं, पण जॉइनिंगची तारीख लांबली होती. कॉम्प्युटरवाल्यांना हा प्रकार सांगायला नको! त्या मोकळ्या महिन्यांत मी मेळघाटात गेलो. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याचाच पूर्वेकडचा भाग. पावसाळ्यात तिथे लहान मुलांचं आजारपण आणि कुपोषण वाढतं. शेताची कामं ऐन भरात असतात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, ओढे भरले की रस्ते बंद होतात. अशा दिवसांत गावात राहून घरोघर जायचं, मुलांची वजनं घ्यायची, दंडाचा घेर मोजायचा आणि आशाताईंच्या मदतीनं आजारी मूल वेळेवर दवाखान्यात पोहोचवायचं, एवढंच आमचं काम.

दंडघेराची पट्टी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. कागदी मोजपट्टीसारखी, तीन रंगांची. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, जिवाला धोका. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाच्या हातात एक पट्टी आणि एक लटकता वजनकाटा. गावानं मला नावही तेच दिलं: काँटेवाला. माझं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही.

गावाची भाषा कोरकू. ती मराठीची बहीण नाही, हिंदीचीही नाही. तिचे नातलग लांब पूर्वेला आहेत, झारखंडाकडच्या संथाली आणि मुंडारी या भाषा. म्हणजे मला मराठी येते, हिंदी येते, इंग्रजी येते आणि चुलीपाशी चाललेलं एक वाक्य कळत नाही. 'डा' म्हणजे पाणी, हा पहिला शब्द. हिंदीवर काम चालायचं, पण आपसातलं हसणं, रडणं, कुजबुजणं सगळं कोरकूत. श्लोकातलं मौन मी कधी साधना म्हणून केलं नव्हतं. तिथे ते आपोआप वाट्याला आलं. आणि बोलता येत नसलं की माणूस बघायला लागतो. पाणी किती लांबून येतं, घरात आधी कोण जेवतं, धाकट्याला मांडीवर घेऊन थोरली बहीण शाळा कशी बुडवते. मी बोलत राहिलो असतो तर यातलं काही दिसलं नसतं, असं मला आजही वाटतं.

एका घरात वर्षाच्या आतबाहेरची एक मुलगी होती. पट्टी लाल. तिला धारणीला नेऊन भरती करणं गरजेचं होतं. पोषण पुनर्वसन केंद्रात अशा मुलांना साधारण १४ दिवस ठेवतात, ठरावीक आहार आणि औषधं देतात, आणि आई सोबत राहते. आई 'नाही' म्हणाली. मी रोज जात होतो. पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी समजावलं. तिसऱ्या दिवशी माझं हिंदी संपलं. मग नुसताच जाऊन बसायला लागलो. तिची सासू तूर निवडत असायची, मीही खडे काढू लागायचो. आशाताई येऊन बोलून जायच्या. सहाव्या दिवशी ती बाई एकच वाक्य बोलली, "चौदा दिन मेरा घर कौन देखेगा?"

मंडळी, घर सोडून आलेला मी एकटाच आहे अशा हिशेबानं मी तिथे दिवस मोजत होतो. आणि ज्या बाईला मी एवढ्या सहज 'चला' म्हणत होतो, तिच्याकडे मागत काय होतो? घर सोडणंच. मागे दोन मुलं, एक गाय, निंदणीला आलेलं शेत. पुढे अनोळखी इमारत, अनोळखी भाषा, 'इतके दिवस कुठे होतीस' असा प्रश्न. माझ्या सहा महिन्यांपेक्षा तिचे ते चौदा दिवस मोठे होते. मी स्वतःच्या निवडीनं गेलो होतो आणि माझा परतीचा रस्ता उघडा होता. तिला कुणी निवड विचारलीच नव्हती.

मार्ग तिच्या सासूनं काढला. शेजारच्या घरी दोन मुलांच्या जेवणाचं ठरलं, गाय दिरानं सांभाळायची ठरली. बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसे मिळतात, तेही आशाताईंनी नीट समजावलं. आठव्या दिवशी सकाळी ती मुलीला झोळीत घेऊन रस्त्यावर येऊन उभी होती. मुलगी भरती झाली, चौदा दिवसांनी परत आली. पट्टी पिवळ्यावर गेली होती. हिरव्यावर यायला पुढे बरेच दिवस लागले. यात माझा वाटा किती? पट्टी गुंडाळण्याचा आणि तूर निवडण्याचा. पण त्यानंतर मला 'इथे माझं काय काम' हा प्रश्न पडला नाही. काम काय ते त्या बाईच्या वाक्यानं सांगितलं होतं: कुणाचं तरी घर बघणं.

इथे माउलींकडे जाऊ. या श्लोकावर ज्ञानेश्वरीत वाऱ्याचा दृष्टांत येतो. वारा एका जागी बिऱ्हाड करत नाही. म्हणून तो निराधार आहे का? नाही, सगळं आकाशच त्याच्या वस्तीला आहे. तसं भक्ताला सगळं जग विसाव्याची जागा होतं, आणि अवघं विश्व हेच आपलं घर हा विचार त्याच्या बुद्धीत ठाम बसतो, असं माउली सांगतात. विश्वाला घर म्हणणारी ही ओवी आपण लग्नपत्रिकेपासून शाळेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे वाचलेली असते. ती कुठे बसून सांगितली गेली, हे मात्र चटकन आठवत नाही.

ती सांगितली गेली नेवाशात, प्रवरेच्या काठी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. परंपरा सांगते की आळंदीत वाळीत टाकलेली ही चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली आणि तिथून परतताना नेवाशाला राहिली. आईवडील नाहीत. गावानं दार लावून घेतलेलं. सांगणाऱ्याचं वय परंपरेच्या हिशेबानं पंधराच्या आसपास. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे. म्हणजे आपल्या भाषेतलं घराबद्दलचं सगळ्यात मोठं वाक्य ज्याच्या तोंडून आलं, त्या मुलाला स्वतःचं घर राहिलं नव्हतं. त्याला निंदा किती मिळाली होती, हे आपण जाणतोच. तरी त्या वाक्यात कुठे गाऱ्हाणं नाही. माझ्या मते 'स्थिरमती'चा अर्थ शब्दकोशापेक्षा इथे जास्त कळतो.

मग तुमच्या-माझ्यासारख्यांनी काय करायचं? आपण माउली नाही. आपल्याला तिसऱ्या आठवड्यात रडू येतं, आणि येऊ द्यावं. आमच्या क्षेत्रातलं एक साधं उदाहरण देतो. लॅपटॉप एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो. मशीन तेच असतं, आतलं सगळं तसंच असतं. पत्ता बदलला म्हणून मशीन 'मी कोण' असं विचारत बसत नाही! आपण बसतो, कारण आपण पत्त्यालाच 'मी' समजून चाललेलो असतो.

मन ठिकाणावर ठेवायला तीन साध्या गोष्टी मला उपयोगी पडल्या.

पहिली, दिवसातली एक वेळ बांधून घ्या. मी संध्याकाळी हरिपाठ म्हणायचो. कधी मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर, कधी पाऊस असेल तर आत चुलीशेजारी. गावाचा देव मुठवा. त्याच्या ठाण्यापुढे जाताना घरची मंडळी हात जोडायची, मीही जोडायचो. माझ्या हरिपाठाला कुणी हसलं नाही आणि मी त्यांच्या देवाला माझ्या देवाचं नाव चिकटवायला गेलो नाही. जागा, माणसं, जेवण सगळं बदलतं तेव्हा ती एक वेळ खुंटीसारखी असते. दिवस तिला टांगता येतो.

दुसरी, घरी फोन रोज करा, पण ताळेबंद मांडायला नको. आमच्याकडे रेंज एका टेकडीवरच यायची. तिथवर चढून जाऊन मी आईला 'आज काय नाही मिळालं' ते सांगितलं की ती रात्रभर झोपायची नाही, आणि मीही. त्याऐवजी आज काय पाहिलं ते सांगायला लागलो. कुटकीचा भात कसा लागतो, तूर निवडताना सासूबाई कशा ओरडल्या. मिळेल त्यात भागवणं याबद्दल माउलींनी समुद्राचा दाखला दिलाय: पाऊस पडला नाही म्हणून समुद्र आटत नाही. आपण समुद्र नसू, पण बादलीसुद्धा नाही, हे त्या टेकडीवर जाणवायचं.

तिसरी, तिथल्या एका घराशी रोजचं जाणं-येणं ठेवा, ज्यात तुमच्या कामाचा संबंध नाही. कौतुक मिळवायला नाही, सल्ला द्यायला नाही. खडे निवडायला, लसूण सोलायला, नुसतं बसायला.

एक सांगायलाच हवं. स्थिरमती म्हणजे हट्ट नव्हे. ताप उतरत नसेल, जागा सुरक्षित वाटत नसेल, कुणी त्रास देत असेल, तर ताबडतोब सांगा आणि निघा. तिथे टिकून राहण्यात कुठलीही भक्ती नाही. त्या दिवशी परत येणारी बुद्धीही स्थिरच असते. प्रश्न एवढाच की निघताना आपण कशापासून निघतोय? धोक्यापासून, की आपल्याला कुणी ओळखत नाही या बोचणीपासून? पहिल्यावर उपाय परतीची गाडी आहे. दुसरी बोचणी गाडीत आपल्यासोबतच बसते आणि नव्या ऑफिसात, नव्या शहरात, लग्नानंतरच्या नव्या घरात पुन्हा भेटते.

मावसबहिणीला मी 'राहाच' म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "तू ज्या पाड्यावर शिकवतेस, तिथली माणसं दिवाळीनंतर कुठे जातात?" तिनं चौकशी केली. बरीच घरं कामासाठी बाहेर पडतात. मेळघाटातही पाऊस संपला की लोक सोयाबीन सोंगायला, पुढे हरभऱ्याला खाली मैदानात उतरतात, मुलंबाळं घेऊन. तुमच्या सोसायटीसमोर जो टॉवर उभा राहतोय, त्याच्या तळाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारीही अशीच माणसं आहेत. तिथेही ती 'कुणीच नाही' असतात. आपण त्यांना नावानं ओळखत नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या वर्गातली निम्मी मुलं माझ्यासारखीच होणार." मी म्हटलं, "हो. आणि त्यांना ते सहाव्या वर्षापासून जमवावं लागतं." ती राहील की परतेल, मला ठाऊक नाही. तिचा निर्णय तिचा. पण फोन ठेवताना ती मुलांची नावं सांगत होती, एकेक करून. मला ते ऐकून बरं वाटलं.

ज्याला ओळख हवी असते, त्यानं आधी दुसऱ्याला ओळखायला लागावं. विश्व हे घर असेल, तर त्या घरात आपण पाहुणे नाही. पाहुण्याची सरबराई होते. घरातल्या माणसाला कुणी 'या बसा' म्हणत नाही, त्याच्या वाट्याला काम येतं. म्हणून नव्या जागी कुणी विचारलं नाही आणि हातात झाडू दिला, तर समजा, घरात घेतलं.

आजचा संकल्प: घरापासून लांब असाल तर आज तिथल्या एका माणसाचं पूर्ण नाव आणि त्याचं गाव विचारून लक्षात ठेवा. घरीच असाल तर तुमच्या इमारतीत, कँटीनमध्ये, रस्त्यावर घर सोडून आलेलं कुणी रोज दिसतं, त्याला विचारा. उद्या त्याच नावानं हाक मारा.

उद्या विसावा श्लोक, म्हणजे बाराव्या अध्यायाची सांगता.

राम कृष्ण हरी.